एक तास वीस मिनिटं

८ फेब्रुवारी

आत्या,

आधी पाया पडतो, मग डोकं खातो.

तू विचारलंस, पाच महिने झाले, तुला अजून हाकललं कसं नाही. मलाही तेच नवल वाटतंय. परवा मुकादम खुर्चीत डोळे मिटून बसले होते. मी मागं पाटी लावली, 'जुनं झाड. हात लावू नये.' चार-पाच माणसं येऊन न्याहाळून गेली. एका पोरानं आईला विचारलं, ह्याला पानं कधी येतात. मुकादम जागे झाले, पाटी वाचली आणि म्हणाले, अक्षर सुधारलंय. असा माणूस. त्याला चिडवायला गेलं की आपणच पडतो.

आणि तू शेजारणींना मी जंगलात साहेब आहे असं सांगत सुटू नकोस. साहेब कसला. समुद्राच्या मागं टेकड्या आहेत, तिथं फिरायला येणाऱ्यांसाठी पायवाटा आहेत. त्या झाडायच्या, पडलेल्या फांद्या उचलायच्या, दगडांवर रंगाचे पट्टे मारायचे. तांबडी वाट दमदार लोकांची, पिवळी हौशी लोकांची आणि हिरवी पोरंबाळं घेऊन येणाऱ्यांची.

नवी हिरवी वाट आता उघडली. गाड्या लावायच्या जागेपासून झाडीतून वर, टेकडीला वळसा, मग उतरून खाडीच्या कडेनं परत. शेवटी खाडीचा एक फाटा दगडांवरून ओलांडायचा. ओहोटीला दगड कोरडे असतात, भरतीला पाण्याखाली जातात. म्हणून सुरुवातीला फळा आहे. त्यावर रोज खडूनं लिहायचं, आज किती वाजेपर्यंत निघालात तर चालेल. दगड बुडायची वेळ घ्यायची, त्यातून वाट चालायला लागणारा वेळ वजा करायचा, आणि वर मुकादमांचा अर्धा तास, कुणी रेंगाळलं तर म्हणून.

हिरव्या वाटेचा वेळ काढायचा मुकादमांचा कायदा आहे. लहान मूल बरोबर न्यायचं. ते थांबलं की थांबायचं, ते बसलं की बसायचं, हात धरून ओढायचं नाही. म्हणतात, ज्याचे पाय सगळ्यांत लहान, त्याचं घड्याळ खरं. आधी स्वतः चालायचे, आता गुडघा गेलाय, म्हणून मला पाठवलं. चहावाल्या बाईचा पाच वर्षांचा मुलगा घेतला. त्याला सगळे लिंबू म्हणतात, तोंड कायम आंबट म्हणून. एका हातात लिंबू, दुसऱ्या हातात मोजायचं चाक. काठीला चाक असतं, ढकलत न्यायचं, ते टिकटिक करत मीटर मोजतं. खाडीपाशी लाल नांगीचा खेकडा आडवा आला तर लिंबू त्याला विचारतो, तुझं नाव काय. सगळी वाट एक तास वीस मिनिटांत झाली. फळ्यावर ते मीच रंगवलं. ये एकदा, तुलाही हिंडवतो. मध्ये बाक आहेत, तुझ्या कमरेला टेकायला.

तुझा
भिंगऱ्या

२० फेब्रुवारी

भिंगऱ्या,

माझ्या कमरेचं तुला काही सांगायला नको. दिवसाला साठ चादरींच्या कडा ह्याच कमरेनं मारते.

तुझं पत्र दवाखान्याच्या शिवणखोलीत वाचून दाखवलं. झाडाच्या पाटीला सगळ्या हसल्या, मी तेवढी हसले नाही, कारण वय झालेल्या माणसाची थट्टा मला आवडत नाही. (हसले थोडी.) दवाखान्यात नाव नोंदवायच्या खिडकीवर बसते ना ती, जिला आम्ही खिडकीवाली म्हणतो, ती नेमकी टाके घालून घ्यायला आली होती. पेशंटला नव्हे, नवऱ्याच्या शर्टाला. नवरा बस चालवतो, सहा वर्षांची मुलगी आहे. तिघांना एकत्र सुट्टी अशी वर्षात चारदा मिळते. तिनं सगळं पुन्हा वाचायला लावलं. मुलीला झेपेल का, किती वेळ लागतो, पाण्याचं कसं. मी म्हटलं, अगं माझ्या भाच्यानं स्वतः मोजलंय, पाच वर्षांचं पोर घेऊन. ते तिनं हाताच्या मागच्या बाजूला पेनानं लिहून घेतलं, एक तास वीस. नऊ मार्चच्या रविवारी जायचं ठरवतायत.

आता मला खरं सांग. तुझं मला पाळण्यापासून माहीत आहे. शाळेत पाढे पाठ झाले म्हणून सांगायचास आणि बे चोक विचारलं की पोटात दुखायचं. पोर बरोबर होतं ना? वाट पूर्ण चाललास ना? दुसऱ्याचं लेकरू जाणार आहे, म्हणून विचारते.

तुझी आत्या

२७ फेब्रुवारी

आत्या,

तू पोलिसात का नाही गेलीस? आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हणून नव्हे, फौजदार म्हणून सलाम ठोकला असता.

चाललो गं बाई. तुझ्या शिवणयंत्राची शपथ. लिंबूला विचार, तो खेकड्यासकट सांगेल.

खिडकीवालीला सांग, मुलीचे जास्तीचे कपडे घ्या आणि फळ्यावर लिहिलंय तेच पाळा, दुसऱ्या कुणाचं ऐकू नका. नऊ तारखेला माझी सुट्टी आहे, पण रविवारची वेळ मी शनिवारीच लिहून ठेवतो. मुकादम असतीलच. त्यांना म्हणावं, भिंगऱ्याची माणसं आहोत. ते दोन शिव्या देतील आणि मग चहा पाजतील.

तुझा
शहाणा भाचा

१९ मार्च

आत्या,

दहा दिवस लिहिलं नाही. लिहायला बसलो की पहिली ओळच येत नाही.

नऊ तारखेला हिरव्या वाटेवर एक माणूस बुडाला. दगडांपाशी. फळ्यावर साडेतीन लिहिलं होतं, माझ्या अक्षरात, आणि ती माणसं तीन दहालाच निघाली होती. म्हणजे सगळं पाळून. मी सुट्टीवर होतो, खाली बाजारात चपलेला टाच लावत बसलो होतो. परत आलो तर गाड्यांच्या जागेवर एकच गाडी उभी, बाकी सगळे खाडीकडे गेलेले.

कोण होते ते मी विचारलं नाही. कुणी सांगायला लागलं की मी फांद्या उचलायला निघून जातो. तुझी खिडकीवाली त्या रविवारी आली नाही ना? मुलीला सर्दी झाली असेल, नवऱ्याला ड्युटी लागली असेल. तसं काहीतरी झालं असेल. मला एवढंच कळव.

वाट बंद केली आहे. चौकशी लागली आहे, मोठे साहेब येतात आणि मुकादमांना बसवून विचारतात. वेळेच्या कागदावर खाली सही त्यांची आहे. गुडघ्यामुळं ते स्वतः चालले नव्हते हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, कुणी विचारलं नव्हतं तरी. म्हणाले, पण पोरगा चाललाय. माझ्याकडे बोट करून म्हणाले, खोडकर आहे, पण कामात खोटा नाही.

पत्र लवकर टाक.

भि.

२६ मार्च

भिंगऱ्या,

तेच होते रे.

तुझं पत्र यायच्या आधीपासून मला माहीत आहे. तुला कसं कळवू म्हणून मीही बसून राहिले. खिडकीवर दुसरी बाई बसवली आहे, ती लोकांची नावं चुकीची लिहिते, आणि कुणीच तिला रागवत नाही.

मी रोज संध्याकाळी तिच्या घरी जाऊन बसते. ती एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगते. मुलगी सगळीकडे थांबत होती. मुंग्यांपाशी थांबली, सालपटं निघालेल्या झाडापाशी थांबली, शेपूट तुटलेल्या सरड्यासाठी बसून राहिली. दगडांपाशी आले तेव्हा पाणी मांडीला लागत होतं. मागं फिरायचं तर ती सगळी वाट पुन्हा, आणि समोर गाडी दिसत होती. नवरा म्हणाला, एवढ्याला काय होतंय. मुलीला खांद्यावर घेतलं, पलीकडे नेऊन काठावर उभं केलं आणि हिला न्यायला परत फिरला. अर्ध्यात पाय निसटला. ही ह्या काठावर, मुलगी त्या काठावर, आणि मधे कुणी नाही. माणसं धावत येईपर्यंत दोघी तशाच उभ्या होत्या. ही इकडून ओरडत होती, हलू नको, आणि ती हलली नाही.

तू मनाला लावून घेऊ नकोस. तू मोजलंस ते बरोबरच असणार. तू मला तसं लिहून दिलंस आणि तेच मी तिला सांगितलंय. चूक त्या म्हाताऱ्याची. सही करणाऱ्यानं बघायला नको? गुडघा गेला होता तर काम सोडायचं होतं. तिनं वर अर्ज केलाय, सही करणाऱ्याला शिक्षा व्हावी म्हणून. तिला शब्द सुचत नव्हते, तो अर्ज मी लिहून दिला. चार पानं झाली. माझ्या आयुष्यात मी कुणाबद्दल एवढं वाईट लिहिलं नव्हतं.

जेवत जा.

आत्या

३ एप्रिल

आत्या,

हे पत्र शिवणखोलीत वाचू नकोस. घरी जा, दार लाव आणि मग वाच.

मी चाललो नाही.

त्या दिवशी लिंबूला न्यायला गेलो तर तो खोकत होता, आई म्हणाली आज नको. मग मी एकटाच निघालो. पहिल्या बाकापर्यंत गेलो. ऊन होतं, बाकावर सावली होती. बसलो. चाक उलटं करून मांडीवर घेतलं आणि हातानं फिरवायला लागलो. वाट आखतानाच्या नकाशावर तिची लांबी लिहिलेली होती, तेवढा आकडा येईपर्यंत फिरवलं. फिरवता फिरवता मजा वाटत होती, म्हटलं, बसल्या जागी टेकडी चढलो. मग आडवा झालो.

उठल्यावर वेळ काय लिहायचा हे बघितलं. एक तास लिहिला असता तर ठोकून दिल्यासारखा वाटला असता. म्हणून वर वीस मिनिटं लावली. वीस लावली की माणूस मोजून आलाय असं वाटतं. त्या वीस मिनिटांचा मला अभिमान वाटला होता आत्या. ते मी तुला सांगतोय, दुसऱ्या कुणाला सांगू शकणार नाही.

खेकडा खोटा. तुझं नाव काय, हेही खोटं. ते मी बनवलं आणि लिंबूला शिकवलं, कारण मुकादम त्याला विचारणार हे मला माहीत होतं. चार गोळ्या दिल्या. दोन दिवस घोकून घेतलं. मुकादमांनी विचारलं तेव्हा त्यानं असं सांगितलं की मलाच क्षणभर वाटलं आपण गेलो होतो. मुकादम हसले आणि सही केली.

तू मला विचारलं होतंस. तारखेसकट विचारलं होतंस, पोर होतं का, पूर्ण चाललास का. तेव्हा नुसतं नाही म्हटलं असतं तर तो माणूस आज बस चालवत असता. पत्र लिहायला घेतलं तेव्हा माझ्या मनात आलंही होतं. मग तो मिशांचा विनोद सुचला, आणि तो एवढा छान जमला की बाकीचं राहून गेलं.

आता ऐक. अकरा तारखेला शेवटची चौकशी आहे. मुकादमांना काढणार असं सगळे म्हणतात. ते राहतात ती खोली कामाची आहे, काम गेलं की तीही जाणार. त्यांची बायको काल भांडी वर्तमानपत्रात गुंडाळत होती. मला बघून म्हणाली, जरा त्या कपाटावरचं काढून दे, तुझा हात पोचतो. मी काढून दिलं.

मी अकराला जाऊन सगळं सांगणार आहे. मला काय होईल ते होवो. तू आधी खिडकीवालीला सांगशील का, की अर्ज चुकीच्या माणसावर गेलाय? मला तिचं नावसुद्धा माहीत नाही.

भिंगऱ्या

८ एप्रिल

तुला काय म्हणून हाक मारू ते कळत नाही, म्हणून तशीच सुरुवात करते.

वाचलं. एकदाच वाचलं. मला एका ओळीचीही शंका आली नाही, आणि मला त्याचंच जास्त लागलं. दुसऱ्या कुणी हे तुझ्याबद्दल सांगितलं असतं तर मी त्याच्याशी भांडले असते. तू सांगितलंस आणि मी लगेच म्हटलं, हो, असंच झालं असणार.

तुला मी वाढवलं. तुझ्या थापांवर मी हसायची आणि शेजारणींना रंगवून सांगायची. तुला मारायला पाहिजे होतं तेव्हा मी हसत होते. त्यात माझा वाटा केवढा आहे ते मोजत बसलेय.

अकराला जा. सगळं सांग. माझी वाट बघू नकोस, मी तुझ्या बाजूनं एक शब्द बोलणार नाही. तिला मी अजून सांगितलं नाही. काल गेले होते सांगायचं म्हणून. ती नवऱ्याचे शर्ट काढून बसली होती, एकाची शिवण उसवली होती, म्हणाली, हे आता शिवायचं का तसंच ठेवायचं? मी शर्ट घेऊन परत आले.

आत्या

१५ एप्रिल

आत्या,

गेलो होतो. सगळं सांगितलं. कुणी विश्वास ठेवला नाही.

मोठ्या टेबलामागं तीन साहेब होते, आणि एका बाजूला मुकादम, इस्त्रीचा शर्ट घालून. मी उभा राहिलो आणि तुला लिहिलं तसंच सगळं सांगितलं, बाक, चाक, वीस मिनिटं. मधल्या साहेबांनी ऐकून घेतलं. मग शेजारच्याला म्हणाले, झाडाची पाटी लावणारा तो हाच का. तो म्हणाला, हाच, आणि जानेवारीत आपल्या गाडीवर 'विकणे आहे' लिहिणाराही हाच. दोघं हसले. वाईट नाही हसले, लाडानं हसले. तेच मला जास्त असह्य झालं.

मी म्हटलं, चाक हातानं फिरवलं होतं, बघा मोजून. ते म्हणाले, मोजलंय, तुझा आकडा तंतोतंत आहे. मी नकाशावरून घेतला होता ना, तंतोतंत असणारच. मी म्हटलं, वेळ खोटा आहे. ते म्हणाले, आमचा माणूस चालून आला, त्याला एक तास पंधरा लागला. माणूस तगडा, पंचवीस वर्षांचा. मी म्हटलं, मूल नव्हतं बरोबर. मग त्यांनी लिंबूला आत बोलावलं.

आत्या, त्याला विचारलं, तू ह्या दादाबरोबर चालला होतास का? लिंबूनं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, नाही म्हण. त्याला वाटलं परीक्षा आहे. हात मागं बांधून त्यानं धडाधड सगळं म्हटलं, पहिला बाक, दुसरा बाक, खेकडा, लाल नांगी, तुझं नाव काय. शिकवताना मी सांगितलं होतं, कुणी कितीही फिरवून विचारलं तरी हेच सांगायचं, अगदी मी विचारलं तरी. मी विचारलं. लिंबू, आपण गेलो नव्हतो ना? तो म्हणाला, गेलो होतो. मग माझ्याजवळ येऊन हळूच विचारलं, आता गोळ्या मिळणार का. ते फक्त मला ऐकू आलं.

निकाल असा लागला. मोजमाप बरोबर, पाच वर्षांच्या मुलासह एक तास वीस मिनिटं. चूक ती वर ठेवलेल्या अर्ध्या तासाची, तो कमी पडला. आणि अर्धा तास ठरवणारे मुकादम. म्हणजे माझं खोटं खरं ठरलं आणि त्यांचं खरं कमी पडलं. चोर सोडून संन्याशाला म्हणतात ते हेच.

बाहेर आल्यावर मी मुकादमांचे पाय धरले. म्हटलं, तुम्ही तरी ऐका. त्यांनी मला उठवलं आणि म्हणाले,

"माझ्यासाठी खोटं बोलायला लागलास होय? आजवर माझ्याशी बोललास तेवढं पुरे होतं."

आणि माझ्या पाठीवर थाप मारली. तेही त्याच लाडानं. पायरी उतरताना गुडघा धरून थांबले, मी हात दिला, तो घेतला.

ते काल गेले. त्यांच्या बायकोचा भाऊ दूर कुठं राहतो, तिकडे. त्यांचं काम मला दिलं आहे. साहेब म्हणाले, पोरगा निष्ठावान आहे.

मी काल लिंबूला घेऊन हिरव्या वाटेवर गेलो. पहिल्यांदाच. झाडायला मी कायम तांबडीवर, त्यामुळं हिच्या पहिल्या बाकाच्या पुढं काय आहे मला माहीतच नव्हतं. तो थांबला तिथं थांबलो, बसला तिथं बसलो. सालपटं निघालेलं झाड सापडलं. मुंग्याही होत्या. दोन तास पन्नास मिनिटं लागली. कागद नेऊन कचेरीत दिला. कारकून म्हणाला, ही वाट मोजून झालेली आहे, पुन्हा कशाला, आणि खणात टाकला.

खिडकीवालीला सांग. कुणीतरी तिला खरं सांगितलं पाहिजे, आणि माझं तर कुणी ऐकत नाही.

भिंगऱ्या

२ मे

भिंगऱ्या,

सांगितलं. शिवणखोलीचं दार लावून, तुझं पत्र हातात घेऊन सांगितलं. पत्र पुढं केलं तर तिनं घेतलं नाही. तिनं माझा हात धरला. म्हणाली, आत्या, तुमचा भाचा फार चांगला आहे, त्या म्हाताऱ्यासाठी स्वतःवर घेतोय, पण निकालाचा कागद माझ्याकडे आलाय, त्यात सगळं आहे. मी म्हटलं, अगं मी त्याला ओळखते, तो चालला नाही. तर माझंच सांत्वन करायला लागली.

मी दुसरंच लिहायला बसले आहे. तो कागद आला तेव्हा तिच्या भावानं घरात मोठ्यानं वाचला. पाच वर्षांच्या मुलासह एक तास वीस मिनिटं. मुलगी तिथंच चित्र काढत बसली होती.

तुला एक गोष्ट माहीत नाही. आधी मीही तुला लिहिली नव्हती. त्या दिवशी वाटेत तिचा बाप घड्याळ बघत होता. मायेचा माणूस, पण बस चालवणारा, वेळ चुकली की जीव वरखाली व्हायचा. तो तिला म्हणत होता, फळ्यावर बघ, सगळी मुलं एक तास वीसमध्ये जातात, तूच कशी गं अशी. चल. उचल पाय. शेवटचा अर्धा तास तो तिच्याशी रागावूनच बोलला. आणि आता तिनं ऐकलं की पाच वर्षांचं मूल तेवढ्या वेळात गेलं होतं. ती सहाची आहे.

परवा तिनं मला विचारलं, शिवणयंत्राच्या बाजूला उभी राहून, माझे पाय लहान आहेत का हो? मी म्हटलं, नाही गं. ती म्हणाली, मग मी मुद्दाम हळू चालले का?

भिंगऱ्या, मी तुझ्याशी बोलायचं नाही असं ठरवलं होतं. पण हे तूच येऊन तिला सांग. मोठी माणसं ऐकत नाहीत तर नको ऐकू देत. त्या पोरीला सांग की कुणी चाललं नव्हतं. आई आता पुन्हा खिडकीवर बसते, म्हणून उन्हाळी वर्ग सुटला की ती दवाखान्याच्या मागच्या अंगणात तिची वाट बघत बसते. चार ते पाच. मी मध्ये येणार नाही.

आत्या

१८ मे

आत्या,

तुला न भेटता निघून आलो. शिवणखोलीच्या खिडकीतून तू दिसत होतीस, मान खाली घालून यंत्र चालवत होतीस. आत यायचं धाडस झालं नाही.

ती तिथंच होती, पाण्याच्या टाकीच्या पायरीवर. दप्तर मांडीवर, बूट घातलेले, अगदी आत्ता उठायचंय अशी बसलेली. मी थोडा लांब बसलो. म्हटलं, मी त्या टेकडीवरचा. तिनं ओळखलं. तुझ्याकडून माझ्या पाट्यांच्या गोष्टी ऐकल्यात तिनं. झाडाची आठवली म्हणाली, पण हसली नाही.

मी तिला सगळं सांगितलं. एकही विनोद केला नाही. म्हटलं, मी बाकावर झोपलो होतो, ते एक तास वीस मी मनानं लिहिलं. तुझे बाबा रागावले ते माझ्या खोट्या आकड्यामुळं. तू बरोबर चाललीस. नंतर मी खरंच त्या पाच वर्षांच्या मुलाला घेऊन गेलो तर दोन तास पन्नास लागले. तू त्याच्यापेक्षा जलदच होतीस.

तिनं सगळं नीट ऐकलं. मग विचारलं,

"तुम्ही सगळ्यांशी खोटं बोलता ना?"

मी म्हटलं, बोलायचो.

"मग हे कशावरून?"

मी लिंबूला आणतो म्हटलं, तर ती म्हणाली, त्यानं साहेबांना सांगितलंय, कागदावर आहे. मी शपथ घेतो म्हटलं. ती मोठ्या बाईसारखं म्हणाली, आई म्हणते तुम्ही चांगले आहात, दुसऱ्यांना बरं वाटावं म्हणून असं सांगता.

पाच वाजायला अजून दहा मिनिटं होती. तिनं दप्तर पाठीला लावलं आणि उठली. म्हणाली, मी आधीच जाऊन फाटकापाशी उभी राहते, म्हणजे आईला थांबावं लागत नाही.

मी बरोबर निघालो. त्या अंगणाच्या कडेला भिंतीवर मांजर बसलं होतं, तीन पिल्लं घेऊन, एक पिल्लू पडत होतं आणि पुन्हा चढत होतं. मी म्हटलं, अगं बघ. तिनं बघितलं नाही. समोर मान ठेवून, दोन्ही हात हलवत, जवळजवळ पळत चालली होती. माझे पाय तिच्या दुप्पट, तरी मला दम लागला. मी म्हटलं, सावकाश, कुणी मागं लागलेलं नाही. ती म्हणाली, मला येतं असं चालायला, मी रोज करते. आणि मला मागं टाकून गेली.

भिंगऱ्या